पंचांनी समजूत घालावी, दंड लावू नये : वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा नेमका काय आहे?

माजलगाव : सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात एक फिर्याद दाखल झाली आणि तिची बातमी राज्यभर गेली. सासऱ्यानं पूर्वी प्रेमविवाह केला, त्याबद्दल जात पंचायतीनं लावलेला अडीच लाखांचा दंड भरला नाही, म्हणून आपल्या कुटुंबाला सात पिढ्या वाळीत टाकल्याचं पंचांनी सांगितलं, असं एका सुनेनं पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी नऊ जणांवर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

बातमी आली आणि चार दिवसांत विसरलीही गेली. पण गावागावात, तांड्यावर, पालावर एक प्रश्न मात्र तसाच राहिला. पंच आपलेच, भांडण आपलंच, मग त्यात पोलिसांचं काय काम? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजातला प्रश्न : आपल्यालाही वाळीत टाकलंय, तर जायचं कुठं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कायद्यात आहे. त्याचं नाव लांबलचक आहे. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. विधिमंडळानं तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सही व्हायला वर्षभर गेलं आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. लोक त्याला सरळ 'बहिष्काराचा कायदा' म्हणतात, इथंही तेच म्हणू.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पंच म्हणजे सगळे खलनायक असं वाटेल. जात पंचायत काही उगाच जन्मली नाही. आज या गावाला, उद्या त्या गावाला पाल टाकणाऱ्या लोकांना ना सातबारा होता, ना रेशनकार्ड, ना गावच्या चावडीवर बसायची जागा. वैदू, गोपाळ, नंदीवाले, गोसावी, कैकाडी, वडार अशा समाजांना कोर्टाची पायरी परवडणारी नव्हती आणि पोलीस तर दिसले की पळायचं, असा काळ होता. त्यात इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढं तो देशाच्या इतर भागांतही लागू केला. जन्मानंच माणूस गुन्हेगार. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापुरात तर तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी केली होती. हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

ज्या सरकारनं जन्मजात चोर ठरवलं, त्या सरकारकडं न्याय मागायला कोण जाणार? मग नवरा-बायकोचं भांडण असो, उसनवारी असो की सोयरीक मोडलेली असो, निवाडा पंचांनीच करायचा. वर्षातून एकदा यात्रेच्या निमित्तानं सगळे जमायचे. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून, पाथर्डी तालुक्यातली मढीची कानिफनाथांची यात्रा त्यासाठी प्रसिद्ध. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते आणि त्या काळात तिथं अनेक भटक्या समाजांच्या पंचायती बसत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही बसत. वर्षभराचे तंटे तिथं सुटायचे, लग्नं जमायची. हे सगळं वाईटच होतं असं म्हणता येत नाही.

बिघडलं कुठं? तर निवाड्याला दंड चिकटला आणि दंड न भरणाऱ्याला वाळीत टाकणं चिकटलं. दंडाची पावती नसते, हिशोब नसतो. पंच निवडून आलेले नसतात, बापामागं पोरगा बसतो. पंचायतीत बाईला बोलायची मुभा नाही, पण निवाडे बहुतेक बाईच्याच चारित्र्याचे, बाईच्याच लग्नाचे. मे २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात नोंदलेल्या एका प्रकरणात दुसरं लग्न केलेल्या बाईला एक लाखाचा दंड आणि पंचांची थुंकी चाटण्याची शिक्षा सांगितल्याची फिर्याद होती. पंचायत अकोला जिल्ह्यातली होती. असला निवाडा न्याय कसा म्हणायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि वाळीत टाकणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं. मारहाणीची जखम दिसते, डॉक्टर लिहून देतो. इथं काहीच दिसत नाही. फक्त लग्नाची पत्रिका येत नाही. मयत झाली तर खांदा द्यायला माणूस येत नाही. पोरीला स्थळ येत नाही. सख्खी बहीण माहेरी यायला घाबरते, कारण तिलाही दंड लागेल. आपल्या भागात त्याला अजून एक बाजू आहे. ऊसतोडीला जाताना कोयत्याची जोडी जमवावी लागते, टोळीत भावकीतलीच माणसं असतात. टोळीत कुणी घेतलं नाही तर त्या घराचा हंगामच गेला. लाखाचा दंड भरायचा तर मुकादमाकडून जादा उचल घ्यावी लागते, म्हणजे पंचांच्या निवाड्याचं ओझं पुढचे दोन-तीन हंगाम पाठीवर.

याविरुद्ध कायदा करायचा प्रयत्न पूर्वीही झाला होता. मुंबई प्रांतानं १९४९ साली जातीबाहेर टाकण्यास बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून नुकताच सुटून हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात तो १९५६ ला आला, त्यामुळं आपल्या भागात त्याची फारशी चर्चा झाली नाही. पुढं दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्या कायद्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. धार्मिक संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार चालवायचा हक्क आहे, धर्माच्या कारणावरून बाहेर काढणं हा त्याचाच भाग, असं बहुमताचं म्हणणं होतं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, हा विषय फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं सोपवला. तो मुद्दा धार्मिक संप्रदायांचा. जात पंचायतीनं लग्नावरून, पैशावरून कुणाला वाळीत टाकणं ही त्याहून वेगळी गोष्ट.

१९६२ नंतर पन्नासेक वर्षं कायद्याची पाटी जवळपास कोरीच होती. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्याच बापानं खून केला आणि त्यामागं जात पंचायतीचा दबाव असल्याचं पुढं आलं. तेव्हा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 'जात पंचायतीला मूठमाती' हे अभियान सुरू केलं. नाशिकला आणि आपल्या शेजारी लातूरला परिषदा झाल्या. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, पण अभियान थांबलं नाही. कृष्णा चांदगुडे आणि इतर कार्यकर्ते गावोगाव फिरले. पंचांशीही बोलले, हे महत्त्वाचं. वैदू समाजासह काही समाजांच्या पंचांनी आपणहून पंचायती बरखास्त केल्या. त्याच रेट्यातून २०१६ चा कायदा आला. खास सामाजिक बहिष्कारावर असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं.

आता कायद्यात काय आहे ते बघू.

पहिली गोष्ट, कायद्यानं पंचांना एकत्र बसायला बंदी घातलेली नाही. समाजाची बैठक घ्या, यात्रेचं नियोजन करा, वधू-वर मेळावा घ्या, भांडणारे दोन भाऊ समोर बसवून समजूत घाला, कुणी काही म्हणणार नाही. बंदी आहे ती बहिष्काराची. जात पंचायत कशाला म्हणायचं याची व्याख्या मात्र रुंद ठेवली आहे. नोंदणी असो वा नसो, निवाडा तोंडी असो वा लेखी, नाव पंचायत असो, गावकी असो की आणखी काही, समाजातल्या माणसांच्या वागण्यावर ताबा ठेवणारी आणि निवाडे देणारी मंडळी म्हणजे जात पंचायत. 'आमची पंचायत नाही, आमचं फक्त मंडळ आहे' ही पळवाट चालत नाही.

बहिष्कार कशाला म्हणायचं याची यादीही मोठी आहे. समाजाच्या कार्यक्रमाला, लग्नाला, अंत्यविधीला येऊ न देणं. कुणाचं लग्न किंवा अंत्यसंस्कार होऊ न देणं. देऊळ, स्मशानभूमी, शाळा, दवाखाना, पाणवठा वापरायला अडवणं. धंद्याचे, कामाचे, नात्याचे संबंध तोडणं किंवा तोडायला लोकांना चिथावणं. ठरावीक कपडे घालायची सक्ती करणं. समाजातून काढून टाकणं. इतकंच काय, त्या घरच्या पोरांबरोबर आपल्या पोरांना खेळू न देणं, हेही यादीत आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी पोरांपर्यंत विचार केला, त्यासाठी त्यांना मानलं पाहिजे.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणाऱ्यालाही सोडलेलं नाही. आणि दंडाची रक्कम, सगळी किंवा काही, पीडित माणसाला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

आता कामाचा मुद्दा. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता गुन्हा नोंदवून तपास करता येतो. 'ही तुमच्या समाजातली घरगुती बाब आहे, एनसी करून टाका' असं उत्तर मिळालं तर ते कायद्याला धरून नाही. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं चालतं आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत ते संपवावं, असं कायदा म्हणतो. जिल्हाधिकाऱ्यांनाही अधिकार आहे. कुठं बहिष्कार टाकण्यासाठी पंचायत बसणार असल्याची माहिती मिळाली तर तो जमाव ते आधीच रोखू शकतात. बहिष्कार पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा पडायच्या आधी अर्ज देता येतो, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

कायद्याच्या दुबळ्या बाजूही आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. गुन्हा जामीनपात्र आहे. पंच सकाळी ठाण्यात जातो, संध्याकाळी जामिनावर वस्तीत परत येतो आणि फिर्यादी बाई त्याच वस्तीत राहत असते. तिच्यावर काय दबाव येत असेल ते सांगायला नको. दुसरं, यात तडजोड करता येते. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर प्रकरण मिटतं, कोर्ट आरोपीला समाजसेवेचं काम करायला लावू शकतं. बहिष्कार खरंच उठला तर तडजोड वाईट नाही, उलट बऱ्याच घरांना तेच हवं असतं. कुणाला शेजाऱ्याला जेलात घालायची हौस नसते, पोरीचं लग्न सुरळीत व्हावं एवढंच हवं असतं. पण संमती मनापासून आहे की दमदाटीनं, हे बघणारं कोण? कायद्यात त्यासाठी सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्यानं पोलिसांना आणि कोर्टाला मदत करायची. पण कायदा झाल्यावर अनेक वर्षं नियमावलीच झाली नाही, अशी तक्रार अनिसचे कार्यकर्ते करत आले आहेत. कायदा करायचा आणि तो राबवायला माणूस द्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी खोड.

पंचांच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी ऐकायला येतो. 'आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे न्याय करायचा अधिकार सरकारनंच दिलाय, मग आम्हाला का नाही?' यात अर्धं खरं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि तंटे मिटवायची पारंपरिक पद्धत जपायचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पण पेसा लागू आहे तो गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा १३ जिल्ह्यांच्या ठरावीक भागात. मराठवाड्यात फक्त नांदेडचा किनवटकडचा भाग त्यात येतो. बीड जिल्हा त्यात नाही, म्हणजे माजलगावही नाही. आणि मुख्य म्हणजे पेसाचा अधिकार गावातल्या सगळ्या मतदारांच्या ग्रामसभेला आहे. त्यात बायका बसतात, तरुण बसतात. पाच-सात पंचांच्या हाती तो दिलेला नाही. ग्रामसभेलाही राज्यघटनेच्या बाहेर जाऊन कुणाला वाळीत टाकता येत नाही.

आपल्याकडं जवळचं उदाहरण बघायचं तर तंटामुक्त गाव समितीचं आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समितीत गावातलीच माणसं. भांडणं मिटवायची, दोघांच्या संमतीनं तडजोड लिहायची. पण दंड लावायचा अधिकार समितीला नाही, आणि एखाद्याला तडजोड मान्य नसेल तर तो कोर्टात जायला मोकळा. जात पंचायतीनं हीच रेघ पाळली तर तिच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

वारसा हक्कानं चालणारा अधिकार सरकारनं काढून घेतला, असं पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. गावची वंशपरंपरागत पाटीलकी स्वातंत्र्यानंतर कायद्यानं गेली. आज पोलीस पाटील आहे तो १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली अर्ज करून, परीक्षा देऊन नेमला जातो, आणि गावात गुन्हा घडत असेल तर ते वर कळवणं त्याचं कर्तव्य आहे. वाळीत टाकणं हाही गुन्हाच. पोलीस पाटलानं 'मला कशाला मधी घेता' म्हणून अंग काढून घेऊ नये.

वाळीत टाकणं फक्त भटक्या समाजात चालतं, असा समज करून घ्यायचीही गरज नाही. कोकणात रायगड जिल्ह्यातून गावकीच्या बहिष्काराची किती प्रकरणं पुढं आली, त्यात शेती असलेली, गावात वजन असलेली माणसंही होती. शिकली-सवरलेली घरंसुद्धा आंतरजातीय लग्नानंतर पोरीशी बोलणं तोडतात, फक्त त्याला पंचायत म्हणत नाहीत. एका घरानं बोलणं सोडलं तर तो त्यांचा प्रश्न. पण 'यांच्याशी कुणी बोलायचं नाही' असं दहा घरांनी मिळून ठरवलं तर कायदा लागतो, जात कुठलीही असो. सज्ञान मुला-मुलीच्या लग्नात खाप किंवा कुठल्याही जमावानं आडवं येणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ ला शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

अनेकजण विचारतात, ॲट्रॉसिटी का लागत नाही? तो कायदा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर दुसऱ्या समाजातल्यानं अत्याचार केला तर लागतो. गावानं दलित वस्तीवर बहिष्कार टाकला तर तो ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहेच. पण फिर्यादी आणि पंच एकाच जातीचे असले की तो कायदा कामाला येत नाही. शिवाय वडार, कैकाडी असे समाज आपल्या भागात विमुक्त जातीत मोडतात, अनुसूचित जातीत नाहीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती आणि मराठवाड्यात विमुक्त, असा सरकारी घोळ आहे. म्हणून हा वेगळा कायदा लागला.

आता जायचं कुठं, याचं उत्तर. फिर्याद पीडित माणूस किंवा त्याच्या घरातलं कुणीही देऊ शकतं. जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. पंचायत दुसऱ्या तालुक्यात बसली होती म्हणून परत पाठवलं, तर शून्य क्रमांकानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे सांगावं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नोंदवून घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा, पोस्टाची पोच जपून ठेवावी. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढंही तक्रार देता येते.

अर्जात 'आम्हाला वाळीत टाकलं' एवढंच लिहिलं तर तपासाला काही हाती लागत नाही. पंचायत कधी, कुठं बसली, कोण कोण बोललं, दंड किती सांगितला, त्यानंतर कोणत्या लग्नाला, कोणत्या मयतीला अडवलं, ते तारखेनिशी लिहावं. पंचाचा फोन रेकॉर्ड झाला असेल, व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'यांच्या घरी कुणी जायचं नाही' असा मेसेज असेल, फोन पेनं दंड भरला असेल, तर तो मोबाईल तसाच ठेवावा, फॉरमॅट मारू नये, विकू नये. नुसता स्क्रीनशॉट ठेवून मूळ मेसेज पुसला तर पुढं अडचण येते. नुसतं ग्रुपमधून रिमूव्ह केलं म्हणजे बहिष्कार झाला असं मात्र नाही. पैसे उकळले असतील, धमकी दिली असेल, मारहाण केली असेल, तर ते वेगळे गुन्हे आहेत आणि भारतीय न्याय संहितेची कलमं त्यासाठी लागतात. तेही फिर्यादीत आलं पाहिजे, कारण एकट्या बहिष्काराच्या कलमावर जामीन लगेच होतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. माजलगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. विमुक्त-भटक्या समाजातल्या पुरुषाला वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो तहसीलमधून निघतो. विधी सेवेचा फोन १५१००, पोलिसांचा ११२, महिलांसाठी १८१.

यात्रेच्या काळात पंचायत बसून आपलं प्रकरण निघणार, अशी कुणकुण लागली असेल तर अर्ज त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं करावा लागतो. मढी पाथर्डी तालुक्यात येते, म्हणजे अर्ज बीडला करून उपयोग नाही, तो अहिल्यानगरला जायला हवा. होळीच्या आदल्या दिवशी दिलेला अर्ज कागदातच राहतो, म्हणून तो निदान पंधरा-वीस दिवस आधी द्यावा आणि एक प्रत पाथर्डी पोलिसांनाही द्यावी.